ओढ्याकाठचे शेत विकू नका

पुणे,
9 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, नातीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी ओढ्याकाठचे शेत विकायचे तुम्ही मनात घेतले आहे आणि गावातल्याच एका गृहस्थाशी बोलणेही लावले आहे, हे दादाकडून कळले. फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बघू, बघू" म्हणत फोन आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. शेत विकू नका, एवढे आधीच सांगून टाकते. मात्र का विकू नये हे पटण्यासाठी तिकडचे प्रवेश कसे होतात ते जरा विस्ताराने सांगावे लागेल.

तुम्ही आयुष्यभर मुख्याध्यापकी केलीत, त्यामुळे प्रवेश म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर गुणवत्ता यादी येते. तिकडच्या नामांकित विद्यापीठांत अशी यादीच लागत नाही. शाळेचे गुण आणि सॅट या परीक्षेचे गुण पाहतात खरे, पण ते चांगले असणे हे गृहीतच धरलेले असते. 2024 साली दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि त्यातून 1,937 जणांची निवड झाली. एम.आय.टी.त (आपल्या कोथरूडची नव्हे, बॉस्टनजवळच्या केंब्रिजची) परदेशी अर्जदारांपैकी शंभरात जेमतेम दोघांना प्रवेश मिळतो. ज्यांना नकार जातो त्यांतही पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले पुष्कळ असतात. तेव्हा "तिला पंच्याण्णव टक्के आहेत, मग कोण अडवणार" असे आई देवळात सांगते, ते तेवढे थांबवावे.

गुणांपलीकडे ते मागतात ती शाळेची पत्रे, मुलीने शाळेबाहेर काय केले याचा तपशील आणि निबंध. नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण लागतात, आणि आपल्याकडे दहावीपर्यंत शाळा वेगळी व पुढे कनिष्ठ महाविद्यालय वेगळे, त्यामुळे दोन्हीकडच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागले. समुपदेशक नावाची व्यक्ती तिच्या महाविद्यालयात नाही. तिकडे समुपदेशकाने द्यायचे असते ते शाळेचे पत्र प्राचार्यांनीच लिहायचे ठरले आहे. शिवाय सध्या शिकवणाऱ्या दोन शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. बाबा, तुम्ही शाळेच्या जुन्या लेटरहेडवर शिफारस लिहून द्यायला तयार आहात, पण आजोबांची शिफारस तिथे धरत नाहीत, मग आजोबा कितीही निःपक्षपाती असोत!

भौतिकशास्त्राच्या सरांनी पहिल्यांदा नेहमीप्रमाणे "तूच लिहून आण, मी सही करतो" असे सांगितले. इकडे तोच रिवाज आहे आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण कनिष्ठ महाविद्यालयाच्या एकेका वर्गात शंभरावर मुले असतात. हिने मात्र तसे करायला नकार दिला आणि सरांना एवढेच विचारले की माझ्याबद्दल तुम्हांला काही आठवते का. सरांना दोलकाचा प्रयोग आठवला. गुरुत्वीय त्वरणाची किंमत काढायची होती. वर्गातल्या सर्वांच्या वहीत, पुस्तकात असते तशीच 9.8 आली आणि हिच्या वहीत 9.3 आली. शेजारणीचे पाहून आकडा बदलण्याऐवजी हिने दोरीची लांबी पुन्हा मोजली आणि गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचे राहिले होते हे शोधून काढले. सरांनी हे अर्ध्या पानात लिहिले आहे. इंग्रजी साधेच आहे, पण माझ्या मते तिच्या संपूर्ण अर्जात त्या अर्ध्या पानाइतके वजनदार दुसरे काही नाही.

शाळेबाहेरच्या कामांसाठी बहुतेक ठिकाणच्या अर्जात जास्तीत जास्त दहा जागा असतात आणि एकेकीचे वर्णन दीडशे अक्षरांत बसवावे लागते. इथे एका सल्लागाराकडे आम्ही चौकशीला गेलो होतो. काही लाख रुपयांत मुलीच्या नावावर संस्था काढून देऊ, शोधनिबंध छापून आणू, आणि निबंधासाठी घरात एखादे आजारपण वगैरे झाले असेल तर आठवून ठेवा, असे त्यांनी अगदी सहजपणे सांगितले. तुमचे जावई तिथून चहाही न घेता उठले. हिने काम म्हणून तेच लिहिले आहे जे ती तुमच्याकडे दर सुट्टीत करते: टेपला वजन बांधून विहिरीत सोडणे आणि पाण्याची पातळी तुमच्या पावसाच्या वहीशेजारी टिपून ठेवणे. साडेसहाशे शब्दांचा मुख्य निबंधही त्यावरच आहे. बोअर मारण्यावरून तुमचे आणि तिचे जे कडाक्याचे वाजले होते ते त्यात आले आहे. तुम्ही त्यात फार गोडगोड दिसत नाही, पण खरे दिसता. मी वाचून दाखवायला सांगितले होते. ती म्हणते, आजोबांना निकाल लागल्यावरच ऐकवणार.

आता पैशांचे. चांगल्या खासगी विद्यापीठात शिकणे, राहणे, जेवण धरून वर्षाचा खर्च 85,000 डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे, म्हणजे आजच्या भावाने पाऊण कोटी रुपये. चार वर्षांचे तीन कोटी. बाबा, ओढ्याकाठचे शेत चांगल्या भावाने गेले तरी त्यात एक वर्षही निघणार नाही. आनंदीबाई जोशींनी 1883 साली बांगड्या मोडून बोटीचे भाडे उभे केले हे तुम्ही दादाला सांगितलेत म्हणे. पण ते भाडे होते. उदाहरणच द्यायचे तर बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, हे घ्यावे.

आपला मार्ग तोच आहे. बहुतेक अमेरिकन विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज पाहताना त्याला आर्थिक मदत लागणार का हेही विचारात घेतात आणि लागणार असेल तर प्रवेश आणखी अवघड होतो. परंतु हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., ॲमहर्स्ट, आणि 2022 पासून डार्टमथ व बोडन, अशी काही मोजकी विद्यापीठे व कॉलेजे आहेत की जी निवड करताना परदेशी मुलांच्याही घरची परिस्थिती पाहत नाहीत, आणि निवड झाली की जेवढी गरज ठरेल तेवढी सगळी मदत देतात. ही मदत कर्ज नसते. एम.आय.टी.ने तर 2025 पासून असे जाहीर केले आहे की वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न आणि त्याला साजेशी मालमत्ता असलेल्या पालकांना काहीच भरावे लागू नये. आमचे दोघांचे पगार मिळून त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून हिचे अर्ज फक्त अशाच ठिकाणी जात आहेत.

"मदत हवी" या प्रश्नाला आत्ता नाही म्हणा, प्रवेश सोपा होईल, पुढचे पुढे पाहू, असाही सल्ला मिळतो. तो घातक आहे. उदाहरणार्थ स्टॅनफर्डमध्ये परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढच्या चारही वर्षांत ती मागता येत नाही. पहिल्या वर्षाला शेत गेले, मग दुसऱ्या वर्षाला काय विकायचे?

आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. मदतीची गरज ठरवण्यासाठी आई-वडिलांचे उत्पन्न, बँकेतील ठेवी, घराची किंमत, हे सर्व एका लांबलचक फॉर्मवर कागदपत्रांसह द्यावे लागते. इतर नातेवाईक काही देणार आहेत का, हेही विचारतात. तुमचे शेत तुमच्या आणि आत्याच्या नावावर आहे, ते आमची मालमत्ता नाही, म्हणून आमच्या मालमत्तेत ते लिहायचा प्रश्नच येत नाही. यात लपवाछपवी काही नाही. मात्र तुम्ही ते विकून पैसे आमच्या खात्यात टाकलेत, किंवा आजोबा एवढे देणार असे आम्ही लिहिले, तर विद्यापीठ तेवढ्याने आपली मदत कमी करू शकते. म्हणजे शेत जाईल आणि नातीला त्याचा एक पैशाचाही जास्तीचा उपयोग होणार नाही. विद्यापीठाचे तेवढे पैसे वाचतील, आणि त्यांना वाईच्या शेताची गरज नाही.

आईने वर्तमानपत्रातील बातम्यांबद्दल विचारले होते. गेल्या मे महिन्यात तिथल्या सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकार काढून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, हे खरे आहे. व्हिसाच्या मुलाखतीही काही आठवडे थांबवल्या होत्या. उद्या काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही, आणि म्हणूनच सीईटीची तयारी तिने सोडलेली नाही. पुण्यात राहून अभियांत्रिकी करणे ही काही शिक्षा नव्हे.

अर्जांची शेवटची तारीख जानेवारीचे पहिले पाच दिवस, म्हणजे नेमकी पूर्वपरीक्षेच्या सुमारास. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. एम.आय.टी.चा निकाल दरवर्षी 14 मार्चच्या सुमारास तिथल्या संध्याकाळी 6 वाजून 28 मिनिटांनी लावतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे चारला दोन मिनिटे कमी असताना. आई त्या वेळी उठलेलीच असते, पण तिने फोन करू नये, आम्ही करू. बाकीचे निकाल मार्चअखेरपर्यंत लागतील. बारावीचे गुण त्यानंतर मेमध्ये हाती येतात, त्यामुळे प्रवेश मिळाला तरी तो शेवटचे गुण पाहूनच पक्का होतो. मार्चमध्ये पेढे वाटायची घाई नको. तोवर मावशीकडे आणि भिशीत हा विषय निघू नये, ही आईला खास विनंती. नकारच आले तर मुलीला दहा जणांना उत्तरे देत बसावे लागेल.

बाबा, त्या गृहस्थांकडून इसार घेतला असेल तर या आठवड्यातच परत करा आणि दोन साक्षीदारांसमोर पोच घ्या. घेतला नसेल तर नुसता निरोप पुरे. आत्याला यातले काही सांगितले नसेल तर सांगू नका. सांगितले असेल तर तिला मला फोन करायला सांगा, मी समजावते. पावसाच्या वहीतील जून ते सप्टेंबरची पाने मात्र मोबाईलवर फोटो काढून दादाकरवी पाठवा, म्हणजे हिला आपल्या नोंदींशी ताडून पाहता येतील. फोटो उजेडात काढावेत, मागच्या वेळचे वाचता आले नाहीत.

आईच्या गुडघ्याचे तेल सोमवारी कुरिअरने पाठवते आहे.

तुमची,
लेक