माडीच्या फळ्या उचलल्या, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा 'बरं, ठेवतो' म्हणतात, म्हणून लिहितेय. माडीवरच्या मधल्या खोलीच्या कुरकुरणाऱ्या फळ्या काल उचलल्या. तुम्ही ताईकडून परत येईपर्यंत थांबलो असतो तर पाऊस लागला असता. ओल्या हवेत बसवलेली फळी उन्हाळ्यात आक्रसते, खिळ्यावर घासते आणि पुन्हा कुरकुरते. आत्ता लाकूड पुरतं सुकलंय. फुगायला बारीक फट ठेवून बसवली की झालं.

बाबा, तुम्ही म्हणत होतात, चार खिळे ठोका. दाराकडे तेवढ्याने भागलंही असतं. पण वळचणीच्या बाजूला सुतारमामांनी फळ्यांखालच्या कडीला पटाशी लावली, तर भिंतीतलं टोक भुसाच झालेलं. पन्हळीचं पाणी तिथे मुरत होतं. पाचर मारून आवाज गेला असता, कडी मात्र तशीच राहिली असती. म्हणून कुजलेलं कापून शेजारी सागाची नवी कडी बोल्टने जोडतायत, आणि वर खिळ्यांऐवजी स्क्रू.

टाइलचं म्हणाल तर नको. दोन इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ १२० किलो, वर टाइल वेगळी. या कड्यांवर? शिवाय आई, थंडीत फरशीवर तुझी पावलं ठणकतात. जुन्या फळ्या टाकत नाहीये हं! रंधा मारल्यावर काय रंग निघालाय! असा साग आता मिळत नाही. गौरींच्या समईने जळलेली फळी होती तिथेच राहील, खिडकीशी.

बाबा, तुमची चाल मी आवाजावरून ओळखायचे. दारातली फळी, मग दोन पावलं गप्प, मग कपाटापाशी. तेवढ्यात पुस्तक उशीखाली. तुम्हाला ठाऊक होतं ना? मुद्दाम हळू यायचात.

आई, आवाज गेला तर रात्री हे उठलेले कळणार कसं, हे तू ताईला म्हणालीस. तिने सांगितलं मला. म्हणून पलंग खाली आणलेत, ओटीलगतच्या खोलीत. पावसाळ्यापुरतेच म्हणा हवं तर. संडास तिथून चार पावलांवर आहे, दिवा उशाशी, रेडिओ बाबांच्या हाताशी, पोफळी खिडकीतून दिसतात. जिना उभ्या चढाचा आहे, धरायचा दोरही सुटत आलाय. माडी तुमचीच आहे, दिवसा खुशाल जा, पण कुणीतरी सोबत असताना.

वाळवीचं औषध मारायचंय, त्यामुळे मी कळवेपर्यंत निघू नका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. आल्यावर माडी पुसताना फडका घट्ट पिळायचा, बादली ओतायची नाही. पैशांचं विचारू नका. आणि बाबा, सुतारमामांना परस्पर फोन करून टाइलचा भाव विचारू नका, ते मला लगेच सांगतात.

तुमची,
मनू