दर ३० दिवसांनी नवा पासवर्ड कशाला?

महोदय,

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत हिशेब विभागात आहे. आमच्याकडे दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो आणि मागचे बारा पुन्हा चालत नाहीत. परवा तीनदा चुकला नि खाते लॉक झाले. तक्रार पोर्टलवरच नोंदवायची, आणि पोर्टल उघडायला तोच पासवर्ड! शेजारच्याच्या संगणकावरून (तेही नियमबाह्यच) तिकीट टाकले, तर साहेबांची मंजुरी हवी. साहेब रजेवर. त्या दिवशी जीएसटी विवरणपत्राची २० तारीख होती.

अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले आहे की, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये. आमच्या आयटी विभागाला मात्र धोरण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. परिणाम काय, तर निम्म्या कीबोर्डांखाली पिवळ्या चिठ्ठ्या आणि उरलेल्यांचे 'बाप्पा@१', 'बाप्पा@२'. माझा सध्या सातवा बाप्पा चालू आहे. हे छापून आले तर तोही बदलावा लागेल.

– एक त्रस्त कर्मचारी, पुणे
(कृपया नाव छापू नये.)