बाबा, तुम्ही वाचा. आई, तू विण

पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा सांगलीहून निघताना शाल शोधत होते, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणात आईची ती कापडी पिशवी सापडली. आत आकाशी लोकर आणि सुईवर तशीच राहिलेली, लहान स्वेटरची पाठ. मी टाके मोजले, चौसष्ट होते. खाली दोन सुलट दोन उलट अशी पट्टी, मग थेट मुंढ्यापर्यंत आलेलं सुबक विणकाम. मावशीला दवाखान्यात नेलं त्या आठवड्यातलं असणार ते. मी काही न बोलता पिशवी जागेवर ठेवली, पण पुण्याला येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

आई, मावशी वाचायची आणि तू विणायचीस. दुपारची भांडी आवरली की ती ग्रंथालयाचं पुस्तक घेऊन यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. तू मध्येच “थांब गं, जाळीची ओळ आहे” म्हणालीस की पानावर बोट ठेवून गप्प राहायची. माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं. आता ती खुर्ची रिकामी आहे आणि तुझे हात मांडीवर नुसते असतात, हे मला बघवत नाही.

म्हणून बाबा, मावशीच्या त्या खुर्चीत तुम्ही बसा. पस्तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलंत, वाचता वाचता मराठीत सांगणं तुम्हाला मुळीच जड नाही. आईचे डोळे वाचताना थकतात, पण विणायला तिला डोळे लागतातच कुठे? मी पुस्तकंही मुद्दाम विणकाम-भरतकामाचीच निवडली आहेत. त्यात अशी अनेक वाक्यं येतील जिथे तुम्हाला अडायला होईल, आणि आईला विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुम्ही विचारा. ती सांगेल. सुई हातात घेऊनच सांगावं लागतं ते.

सुरुवात मिस मार्पलपासून करा, म्हणजे अगाथा ख्रिस्तींच्या गोष्टींतली ती रहस्यं उलगडणारी म्हातारी. अगाथा ख्रिस्ती तुमच्या परिचयाच्या आहेत, पण ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ हे १९३२ चं पुस्तक आईच्या दृष्टीने पुन्हा वाचा. तेरा छोट्या गोष्टी, एका बैठकीत एक संपते. पहिल्या गोष्टीत मिस मार्पलच्या घरी मंडळी जमतात आणि ठरतं की दर मंगळवारी एकेकाने एक रहस्य सांगायचं. मोजदाद होते, पाच जण. मोठ्या खुर्चीत पांढरी मऊ लोकर विणत बसलेली मिस मार्पल हसून म्हणते, मला विसरलात. मग पोलिसातले मोठे अधिकारी, वकील, लेखक सगळे अंदाज बांधतात आणि उत्तर तिच्याकडे असतं, कारण गावातल्या माणसांचं वागणं तिने आयुष्यभर बघितलेलं असतं. आई, हे वाचताना मला तूच दिसत होतीस. लग्नाघरी कोण कोणावर रुसलंय हे मान वर न करता तुला कळायचं. गोष्टी खुनाच्या असल्या तरी रक्ताची वर्णनं नाहीत, रात्री झोप उडणार नाही.

दुसरं पुस्तक मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे. ट्रेसी शेव्हलियर यांची ‘अ सिंगल थ्रेड’ ही कादंबरी २०१९ ची, पण गोष्ट १९३२ ची आहे, इंग्लंडमधल्या विंचेस्टरची. पहिल्या महायुद्धात भाऊ आणि नियोजित नवरा दोघंही गमावलेली व्हायोलेट कुरकुऱ्या आईचं घर सोडते, टायपिस्टची नोकरी धरते आणि तिथल्या कॅथीड्रलसाठी, म्हणजे मोठ्या चर्चसाठी, भरतकाम करणाऱ्या बायकांत जाऊन बसते. लाकडी बाकांवरच्या गाद्या आणि प्रार्थनेला गुडघे टेकायच्या उशा भरायचं काम. कॅनव्हासवर लोकरीने, धागे मोजून टाका घालायचा. आई, तू मॅटीवर भरतेस तसंच म्हण. तिला शिकवणाऱ्या लुइसा पेसेल खरोखरच होऊन गेल्या. त्यांच्या देखरेखीखाली भरलेल्या त्या उशा आणि गाद्या विंचेस्टरला आजही आहेत. व्हायोलेटचे पहिले टाके कसे वेडेवाकडे येतात, उसवावे लागतात, आणि मग एक दिवस हात कसा बसतो, हे लेखिकेने इतकं बारकाईने लिहिलंय की माझीच बोटं शिवशिवली. एका ठिकाणी नक्षीत स्वस्तिकासारखी आकृती येते. कॅथीड्रलमधल्या जुन्या समाधीवरून घेतलेली, पण काळ हिटलर सत्तेवर येतानाचा. बाबा, तिथे जरा थांबा. आई रोज उंबऱ्यावर स्वस्तिक काढते, तिथल्या बायका ते बघून का दचकतात हे तिला नीट सांगा.

तिसरं डेबी मॅकोम्बर यांचं ‘द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट’, २००४ चं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये लिडिया लोकरीचं दुकान काढते आणि बाळाची चादर विणण्याचा वर्ग सुरू करते. तीन विद्यार्थिनी येतात. एकीला सून आवडत नाही आणि तरीही नातवंडासाठी विणायचंय. एक मूल व्हावं म्हणून उपचार घेतेय. आणि एक उद्धट पोरगी कोर्टाने लावलेली समाजसेवा भरून काढायला आलेली. भाषा साधी आहे, शेवट गोड आहे. लिडियाला दोनदा कॅन्सर होऊन गेलाय, त्याचा उल्लेख सुरुवातीलाच आहे. बाबा, ती पानं आधी एकट्याने वाचा आणि मग ठरवा. मला वाटतं आईला ऐकू द्यावीत, कारण लिडिया त्यातून उठलीय.

पुस्तकात त्या चादरीचा नमुनाही दिलाय. आई, अमेरिकन नमुना विणताना सुईच्या नंबराकडे लक्ष दे. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. त्यांची सहा नंबरची म्हणजे आपली आठ, चार मिलिमीटरची. आपल्या दहा नंबरच्या सुईला ते तीन म्हणतात. हे न बघता विणलं तर बाळाच्या चादरीऐवजी मोठ्यांची चादर व्हायची.

गोधडीची आवड म्हणून जेनिफर किआव्हेरिनी यांचं ‘द क्विल्टर्स अप्रेंटिस’ पण घालतेय. म्हातारी सिल्व्हिया आणि तिच्याकडून ठिगळकाम शिकणारी सारा. सावकाश वाचा, त्यात बहिणी-बहिणींचा दुरावा आहे.

बाबा, एवढी ओळ आईला वाचून दाखवू नका: कुणी ‘द फ्रायडे नाइट निटिंग क्लब’ आणून दिलं, तर बाजूला ठेवा. नाव आणि मुखपृष्ठ बघून ते हलकंफुलकं वाटतं, पुस्तक चांगलंही आहे, पण शेवटी दुकानाची मालकीण आजारात जाते. या वर्षी तरी ते नको.

पार्सल आज टाकलंय. पुस्तकांखाली आठ नंबरच्या सुयांची जोडी आणि पांढऱ्या लोकरीचे सहा गुंडे आहेत. ती आकाशी पाठ मात्र उसवू नकोस गं आई. समोरचे दोन भाग आणि बाह्या मी पुढच्या महिन्यात आले की तुझ्याजवळ बसून विणते. मला मुंढा घटवता येत नाही, तेवढा तू दाखव.

बाबा, वेळ दुपारी तीनची. ती “थांबा” म्हणाली की थांबा.

तुमची,
ताई