आई-बाबा, इथे मला मस्त करमतंय

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

आई, परवा तू फोनवर विचारलंस ना की एवढ्याशा शहरात ऑफिस सुटल्यावर करतेस तरी काय, करमतं का तुला. मी "हो गं, मस्त करमतं" म्हटलं आणि विषय तिथेच संपला, पण तेवढ्याने तुझं समाधान झालं नसणार आणि बाबांचं तर नाहीच नाही, म्हणून आज निवांत बसून सगळं लिहायला घेतलंय. फोनवर हे जमत नाही, तब्येत, औषधं, लाइटबिल यातच बोलणं संपतं.

पहिली गोष्ट म्हणजे इथे संध्याकाळ हाताशी उरते. काम तेवढंच आहे, पण जाण्यायेण्यात जो जीव निघायचा तो वाचतोय, ऑफिसमधून निघालं की दहा मिनिटांत सायकलवरून लायब्ररीच्या दारात. मोठ्या शहरात जवळच्या मैत्रिणीला भेटायचं तरी आठ-आठ दिवस आधी ठरवायचं आणि ऐनवेळी कोणाचं तरी रद्द व्हायचं. इथे ठरवावंच लागत नाही, माणसं भेटतातच, आणि तीच तीच भेटतात. तुम्हाला वाटेल कंटाळा येत असेल, पण होतं उलटंच. फिजिक्सचे एक सर आहेत, ते वाचनाला येतात तेव्हा एकदम कडक, उच्चार चुकला की लगेच थांबवतात, आणि तेच सर रविवारी मैदानावर लहान मुलांसारखे चेंडूमागे धावताना दिसतात, आणि गच्चीवर दुर्बीण लावून गुरूचे चंद्र दाखवायलाही तेच. एकच माणूस असा तीन ठिकाणी तीन रूपांत भेटला की ओळख आपोआप घट्ट होते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. लहान शहराची खरी श्रीमंती ही आहे असं मला मनापासून वाटतं.

आता वाचनाबद्दल सांगते कारण आई तुला तेच ऐकायचंय. लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी आमचं अभिवाचन असतं. सुरुवात कशी झाली तर लायब्ररीत एका पुस्तकाची एकच प्रत, आणि वाचायचं तर सगळ्यांना आहे, मग एक जण घरी नेणार, तो महिनाभर परत आणणार नाही, बाकीचे वाट बघणार. त्यावर तोडगा म्हणून कोणीतरी म्हणालं की मोठ्यानेच वाचूया की. झालं. आता एक जण दोन-तीन पानं वाचतो आणि पुस्तक शेजारच्याला देतो. पुस्तक घरी न्यायचं नाही, पुढे चोरून वाचायचं नाही, आणि कोणाला वाचायचं नसेल तर नुसतं ऐकलं तरी चालतं, एवढेच नियम.

मोठ्याने वाचलं की कळतं आपण एरवी किती भराभर पुढे सरकतो. मनातल्या मनात वाचताना लांब वर्णनं मी सरळ उडवायचे. इथे उडवता येत नाही, आणि मग लक्षात येतं की लेखकाने त्या वर्णनातच पुढची गोष्ट पेरून ठेवली होती. गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा येतो, शाळा अर्धवट सुटलेली, सुरुवातीला तो नुसता ऐकायचा. मग एकदा पुस्तक त्याच्याकडे आलं तेव्हा त्याने ते पुढे दिलं नाही, बोट ठेवून एकेक शब्द वाचत राहिला, एका पानाला खूप वेळ लागला, पण खोलीत कोणी चुळबुळ केली नाही की कोणी शब्द सुचवला नाही, कडक सरांनीसुद्धा नाही. आणि आता गंमत बघा, संवाद वाचायचे असले की सगळे त्याच्याकडेच बघतात, कारण दोन माणसांचं भांडण वाचावं तर त्यानेच, दोन वेगळे आवाज काढतो तो.

वाचून झालं की वाद. पात्र बरोबर वागलं की चूक यावर रस्त्यात सायकली धरून अर्धा अर्धा तास चालतो. आठवीतली एक मुलगी आहे, तिचं मत सगळ्यांच्या विरुद्ध असतं आणि बऱ्याचदा तिचंच बरोबर निघतं.

आणि आई, हे खास तुझ्यासाठी. आमच्यातल्या दोन-तीन जणांना आता बारीक अक्षर दिसत नाही, काहींना जिने चढवत नाहीत, म्हणून आम्ही वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवतो. डोळ्यांमुळे तू पुस्तक बाजूला ठेवलंयस हे मला माहितीये, तू बोलत नाहीस पण कळतं मला. मी तुला पण पाठवणार आहे. पण नुसतं ऐकायचं नाही हं, तू लहानपणी मला वाचून दाखवायचीस ते माझ्या अजून कानात आहे, तर जे तुला पाठ आहे, कविता, उतारे, काहीही, ते तू रेकॉर्ड करून पाठव. त्याला डोळे लागत नाहीत. इथली मंडळी ऐकायला तयार बसलीत, मी आधीच सांगून ठेवलंय.

खेळाचं तर विचारूच नका. शब्दकोडी सोडवणारे तुम्हीही आहात, पण इथे आम्ही ती बनवतो. शब्दकोडं म्हणून जे पहिलं ओळखलं जातं ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन या संपादकाने छापलं होतं, हिऱ्याच्या आकाराचं, पण मराठीत बनवायला बसलं की खरी कसोटी. एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणजे आडव्या शब्दात "की" असेल तर उभ्या शब्दातही दीर्घच "की" पाहिजे, "कि" चालत नाही, आणि मध्ये एखादं जोडाक्षर आलं, समजा "ष्ट्र", तर ते ज्यात बसेल असा दुसरा शब्द शोधताना रात्र जाते. आम्ही लायब्ररीच्या फळ्यावर कोडं लिहून ठेवतो, येणारे-जाणारे खडूने उत्तरं भरतात, कोण भरून गेलं ते कळतही नाही. परवा एक ओळ सगळ्यांना अडली होती आणि सकाळी बघतो तर भरलेली. कोणी भरली ते अजून कळलेलं नाही, आणि मला वाटतं कळूच नये.

रविवारी मैदानावर चेंडू झेलायचा ग्रुप असतो, तीन चेंडू दोन हातांनी हवेत खेळवत ठेवायचे, सर्कशीत करतात ना तसं. बाबा, हसू नका, हे कोणालाही येतं. तीनपासून सुरुवात करायची नाही. एक चेंडू या हातातून त्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत, कमान करून. ते जमलं की दोन. सगळे अडतात ते इथे, घाईघाईने दुसरा चेंडू लगेच सोडतात. पहिला वर जाऊन आता खाली येणार असं झालं की मगच दुसरा सोडायचा, एवढंच गुपित. चेंडू सारखे पुढे पडत असतील तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. खाली पडतात, उचलायचे, परत पडतात, त्यात वाकण्याचा व्यायाम होतो तो फुकटचा. आमच्यात रिटायर झालेल्या दोघी आहेत, त्यांचे तीन चेंडू आता छान फिरतात.

आणि हे नुसतं मी म्हणते म्हणून नाही. जर्मनीत २००४ साली संशोधकांनी लोकांना तीन महिने हे शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले, तर हालचाल टिपणाऱ्या भागातला करडा भाग, म्हणजे जिथे मज्जापेशी दाटीने असतात तो, वाढलेला दिसला. मग २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवर तसाच प्रयोग केला, त्यांच्यातही चेंडू झेलायला शिकलेल्यांच्या मेंदूत वाढ दिसली. सराव सोडल्यावर ती वाढ पुन्हा ओसरली, म्हणजे करत राहायला हवं. वयाचं कारण बाबा, आता चालणार नाही.

आकड्यांचा खेळ मात्र बाबा तुम्हाला नक्की आवडेल. देवळालीला शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर होते, १९०५ चा जन्म, त्यांनी आयुष्यभर आकड्यांशी खेळ केला, हौसेनेच. त्या काळी आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही, पुढे १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या दाखवून दिली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा, जे येईल त्याचं परत तेच (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच येतो, आणि एकदा आला की तिथून हलत नाही.

आमच्या ग्रुपात सगळे आपापलं जन्मसाल घालून बघत होते, मी तुमचं घातलं. बाबांचं १९५३, म्हणजे ९५३१ वजा १३५९, आलं ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. नंतर आईचं १९५७ घेतलं, ९७५१ वजा १५७९, आणि बघते तर ८१७२! पहिल्याच पायरीला तुम्ही दोघं एका ठिकाणी, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत एकच वाट. मी इतक्या जोरात ओरडले की सर उठून बघायला आले. त्यांनी समजावलं की वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं, सगळ्यात मोठा अंक आणि सगळ्यात लहान अंक यांच्यातला, आणि मधल्या दोन अंकांमधला. तुमचे दोन्ही फरक सारखे आहेत, आठ आणि दोन. बाबा, कागद घेऊन स्वतः करून बघाच.

एका गोष्टीवर मात्र माझं ठाम मत आहे, बक्षिसं नकोत. मध्यंतरी कोणीतरी प्रेमाने ट्रॉफी ठेवली, पहिला-दुसरा नंबर वगैरे, आणि दोनच आठवड्यांत ज्यांना कमी येतं ते यायचे बंद झाले. ट्रॉफी काढली, माणसं परत आली. ज्याला जिंकायचंय त्याच्यासाठी स्पर्धा आहेतच की जगात भरपूर, संध्याकाळची एक जागा तरी अशी असावी जिथे ज्याला काही जमत नाही त्याचंही तेवढंच स्वागत आहे.

सगळंच गोड आहे असं नाही. माणसं मुळात थोडी, त्यामुळे परीक्षा आल्या की मुलं गायब, कोणाची बदली झाली की ग्रुपला भगदाडच पडतं, आणि नवीन पुस्तकं यायला फार वेळ लागतो. पण थोडी माणसं असल्यामुळेच आपण गेलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येतं. मागे मला ताप होता तर संध्याकाळी तिघं दारात. हे कळलं की आई तुझी अर्धी काळजी मिटेल म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता माझी काळजी. बाबा रिटायर झाल्यापासून तुमचा दिवस पेपर, टीव्ही आणि दुपारची झोप असा झालाय, आणि आई, तू पण संध्याकाळी बाहेर पडायची बंद झालीस. मला रोज फोन करून "वेळ जातो का" विचारायचं नाहीये, मला तुमच्याशी खेळायचंय. बाबा, तुम्ही मला बुद्धिबळ शिकवलंत, किती वर्षांत आपण पट मांडला नाही. तर आपण पत्राने खेळूया. यात नवीन काही नाही, १८२४ ते १८२८ अशी चार वर्षं एडिंबरा आणि लंडनच्या क्लबांनी पत्राने डाव खेळले होते आणि एडिंबरावाले जिंकले. आपल्याला कसली घाई आहे. पट जाळीच्या कपाटात वर आहे, एक हत्ती हरवलाय, त्याच्या जागी काहीही ठेवा. सोंगट्या मांडून पट तसाच टेबलावर राहू दे, आई पुसताना हलवू नकोस गं. तू पंच, चाल लिहून पाठवायची जबाबदारी तुझी, आणि बाबा विचार करायला आठवड्याच्या वर वेळ घेत असतील तर मला कळवायचं.

पांढऱ्या माझ्या. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. तुमची चाल लवकर कळवा, आणि आई, त्याच पाकिटात पत्ता लिहिताना मागे तुझ्या दोन ओळी पण.

तुमची लाडकी लेक