आई, तुझ्या हातावरचे आकडे

मँचेस्टर, रविवार रात्र

प्रिय आई,

परवा तू विचारलंस सॉफ्टवेअरवाल्यांचं हॉस्पिटलात काय काम, आणि बाबांनी मधेच फोन घेतला, म्हणून आता लिहितेय. झालं असं की नर्सेसनी टॅबलेटवर नोंदी कराव्यात म्हणून आम्ही ॲप केलं होतं ना, ते त्या वापरेचनात, म्हणजे वापरायच्या, पण ड्युटी संपताना अर्धा तास बसून सगळं एकदम भरायच्या. ऑफिसात सगळे म्हणाले ट्रेनिंग कमी पडलं. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू.

मग मला चार दिवस वॉर्डात पाठवलं, नुसतं बघायला. सकाळी हँडओव्हर झाला, म्हणजे रात्रीच्या नर्सेसनी दिवसाच्या नर्सेसना पेशंट सोपवले, की प्रत्येकीच्या खिशात एक घडी घातलेला कागद. त्यावर बेड नंबर, पुढे तासातासाचे बारीक चौकोन, काम झालं की टिक, कुणाचा मुलगा दुपारी येणारे तेही तिथंच. एकीने एका आजींच्या नंबराभोवती नुसता गोल केला होता. मला राहवेना, विचारलं, तर म्हणाली रीडिंग नॉर्मल आहेत गं, पण चेहरा काही मला बरा दिसत नाहीये आज. आता सांग, त्या गोलाला आमच्या ॲपमध्ये जागा कुठंय? आमचे १४ रकाने कंपल्सरी, आणि २ मिनिटं हात नाही लावला की लॉगआउट, मग ग्लोव्हज काढा, पासवर्ड टाका, तोवर तिकडे बेल वाजतेय.

परत येऊन लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांचं १९९० च्या आसपासचं काम वाचलं. ते लंडनच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये जाऊन बसले होते. तिथे दर विमानाची एक कागदी पट्टी, रॅकमध्ये लावलेली, आणि ज्याच्यावर लक्ष हवं ती जरा बाहेर ओढून तिरकी ठेवायची, शेजारच्याला बघताक्षणी कळतं. वरवर वाटतं की पट्ट्या कॉम्प्युटरनेच लावाव्यात, हात कशाला? पण हाताने सरकवतानाच माणसाचं त्या विमानाकडे लक्ष जातं, गंमत तिथेच आहे.

हे वाचताना तुझा डावा हात आठवला. हॉस्पिटलातून नाइट करून यायचीस तेव्हा तळव्यापासून मनगटापर्यंत निळ्या बॉलपेनचे आकडे, आणि आम्ही हसायचो की सरकार वही देत नाही का म्हणून. सॉरी हं, खरंच.

आता मी ३ च रकाने कंपल्सरी ठेवलेत आणि पेशंटच्या यादीचं प्रिंट काढायचं बटण दिलंय, उजवीकडे कोरी जागा सोडून. साहेब वैतागलेत, पेपरलेस म्हणून विकलंय आणि तू प्रिंट काढायला लावतेस! शुक्रवारी मीटिंग आहे, बघू.

त्याआधी एक सांग, तू हातावर आधी काय लिहायचीस, बेड नंबर की बीपी? आणि रजिस्टरात कधीच न गेलेलं असं काय असायचं? नीट आठवून ठेव, बुधवारी फोन करते. बाबांना म्हणावं त्या दिवशी मधेच फोन घेऊ नका.

तुझी,
छोटी