काका, पैसे देण्याआधी दुकानातच लिनक्स चालवून पाहायला लावलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून दुसरंच काहीतरी बोलायला लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. घरून मराठी टायपिंग करणाऱ्या एखादीला यातलं काही उपयोगी पडलं, तर माझ्या आभारांपेक्षा तुम्हाला त्याचाच आनंद जास्त होईल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार हे कळलं तेव्हा माझ्याकडे टायपिंगसाठी आलेले दोन प्रबंध चालू होते. डेस्कटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यात तो बसत नव्हता. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण वर्षानंतर प्रश्न तोच. दुसऱ्याची कित्येक वर्षांची मेहनत माझ्या मशीनवर असते. सुरक्षेचे अपडेट नसलेल्या यंत्रावर ती ठेवून ईमेल उघडायचे, हे मनाला पटत नव्हतं. ज्याला विचारावं तो नवा लॅपटॉप घ्या म्हणून मोकळा होत होता. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "दिवसभर त्याच्यावर काय काय करून राहिली तू, ते सांग." आणि वहीत लिहून घेतलंत.

त्या वहीतल्या पानानेच निर्णय झाला. युनिकोडमधलं टायपिंग, पीडीएफ, ईमेल, प्रिंट, कधीमधी स्कॅन. यातलं सगळं लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमवर, होतं. होत नव्हतं ते एकच: जुन्या ग्राहकांच्या श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या फाइली, कारण माझ्याकडचं ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. डेस्कटॉप पुसून त्यावरच लिनक्स टाकता आलं असतं, फुकटात. तुम्ही नाही म्हणालात. "चालू कामाच्या मशीनवर नवी सिस्टीम शिकायची नाही. अडली तर प्रबंध अडेल." जुनं यंत्र जसंच्या तसं ठेवायचं, त्याचं इंटरनेट काढून टाकायचं, श्रीलिपीचं काम तिथे करायचं. शिकण्यासाठी आणि हळूहळू सगळं हलवण्यासाठी वेगळा, जुना, चांगला लॅपटॉप घ्यायचा. लिनक्सकडे वळणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच सल्ला देते. दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी-शेजारी होती म्हणून माझं एकही काम लांबलं नाही. नव्यावर काही सापडलं नाही, तर खुर्ची सरकवून जुन्यावर करता यायचं.

लॅपटॉप कुठला, यावर तुमचं मत पक्कं होतं. घरगुती वापराचा चकचकीत लॅपटॉप नको, कंपन्यांनी वापरून बदललेला ऑफिसचा हवा: लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक. हे उघडायला सोपे, सुटे भाग मिळतात, आणि लिनक्सवर काम करणारे अभियंते स्वतःच ते वापरत असल्यामुळे त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम, नीट बसलेले असतात. वायफाय कार्ड शक्यतो इंटेलचं हवं. प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा, कारण लॅपटॉपच्या साध्या आय-५ मध्ये तिथे दोनाचे चार कोअर झाले. शिवाय उद्या गरज पडलीच तर विंडोज ११ चा रस्ताही उघडा राहतो. हे शेवटचं तुम्ही स्वतः लिनक्सचे इतके चाहते असूनही सांगितलंत, म्हणून माझा विश्वास आणखी वाढला.

मग आपण मेट्रोने बर्डीला, म्हणजे आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. पहिल्या दुकानात तुम्ही पेन ड्राइव्ह काढल्याबरोबर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "असं बाहेरचं काही लावता येत नाही, वॉरंटी जाते." तुम्ही वाद घातला नाहीत. "बरं" म्हणालात आणि बाहेर पडलात. जिना उतरताना मला सांगितलंत, "जो चालवून पाहू देत नाही, त्याच्याकडून घेऊन कायचं?"

दुसऱ्या दुकानातला थिंकपॅड टी ४८० मला दिसायला आवडला नव्हता. काळा, जाड, एका कोपऱ्यावर घासलेला. मालकाने पेन ड्राइव्ह लावायला लगेच होकार दिला. तुम्ही खुर्ची माझ्याकडे सरकवलीत. "मी नाही, तू कर." एफ-१ दाबून आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, गेले: पासवर्ड नाही, आतला सीरियल नंबर तळाच्या स्टिकरवरच्या नंबराशी जुळतो. एफ-१२ दाबून पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार सुरू केला. डिस्कवर काहीही न टाकता पूर्ण सिस्टीम डोळ्यांसमोर आली. माझ्या फोनचा हॉटस्पॉट जोडला, कॅमेरा पाहिला, आवाज ऐकला, झाकण मिटून उघडलं तर झोपलेलं यंत्र नीट जागं झालं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहून बॅटरी पाहिली. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेर. आतली मूळची २४ वॅट-तासांची, उरलेली १८. बाहेरची जवळपास गेलेली. तो आकडा तुम्ही मालकाला दाखवलात आणि आवाज न चढवता भाव खाली आणलात. बाहेरची बॅटरी खटके सरकवले की निघते, नवी नंतर घेता येते, हेही तिथेच दाखवलंत.

आणि मग तुम्ही जे सांगितलं त्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. "आता कीबोर्ड मराठी कर आणि वऱ्हाड लिही." इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत व नंतर शिफ्ट धरून जे, मग डी, मग ह. पडद्यावर वऱ्हाड नीट उमटलं, र ची ती आडवी कोयरी जागच्या जागी. नंतर दुसऱ्याचा, कॅन्सर, ऑर्डर, ज्ञानेश्वरी. माझी बोटं जिथे अडखळू शकतात ते सगळे शब्द. दुकानात उभं राहून प्रोसेसरचा वेग मोजणारे खूप भेटतील. मराठी लिहिणाऱ्या बाईने मराठीच लिहून यंत्र पारखावं, हे सुचणारं माणूस मला तुमच्याआधी भेटलं नव्हतं. त्या ओळी उमटल्या आणि माझी भीती गेली. घरी पोचल्यावर काय होईल याची धास्तीच उरली नाही, कारण जे व्हायचं ते पैसे देण्याआधीच माझ्या हातून झालं होतं.

१७,५०० रुपयांत सौदा झाला. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय तुम्ही उठला नाहीत.

घरी आल्यावर तुम्ही पाठीचं झाकण उघडून पंख्यातली धूळ काढलीत, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट बदललीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो, तिथे हे काम कुणी टाळू नये. लॅपटॉप घरातल्या पाण्याच्या कूलरसमोर थेट झोतात ठेवायचा नाही, त्या हवेत पाणी असतं, ही सूचना मी टेबलाजवळ भिंतीवर लिहून चिकटवली आहे.

पुढचं सगळं सुरळीतच झालं असं नाही. लिबर ऑफिसमध्ये, म्हणजे वर्डच्या जागी मी वापरते त्यात, मराठीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो, तो नीट लावेपर्यंत परिच्छेद वेडेवाकडे दिसत होते. वर्डमध्ये केलेल्या तक्त्यांची पानं सरकतात, म्हणून विद्यापीठात द्यायची अंतिम प्रत मी पीडीएफ करूनच पुन्हा पानागणिक तपासते. पण एक सुखद गोष्टही कळली: मजकुराची भाषा मराठी ठेवली की काही फॉन्ट ल आणि श आपोआप मराठी वळणाचे देतात. इतकी वर्षं हिंदी वळणाचा ल सहन करत होते.

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने केली आणि पुढे जगभरच्या माणसांनी ते घडवलं, हे तुम्ही चहा पिताना सांगितलं होतंत. माझ्या पडद्यावर आपली भाषा नीट दिसावी म्हणून अनोळखी लोकांनी कुठेतरी बसून काम केलं आहे, हे मी आता टाइप करताना मनात ठेवते. त्यांचेही आभार याच पत्रात.

माझ्याबरोबर टायपिंगचं काम करणाऱ्या दोघीजणींना तुमची ती तपासणी मी वहीत उतरवून दिली आहे, वऱ्हाडसकट. त्यातली एक पुढच्या रविवारी लॅपटॉप पाहायला जाणार आहे. मी तिच्यासोबत जाईन आणि खुर्ची तिच्याकडे सरकवीन. तुम्हाला त्या दिवशी वेळ असेल तर या. नसेल तर संध्याकाळी फोन करून कळवते, बॅटरीचा आकडा किती निघाला ते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
बजाजनगरातली टायपिंगवाली