शेतीसंरक्षण बंदूक परवानाधारक सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ज्यांच्या परवान्याची मुदत या डिसेंबरअखेर संपत आहे, त्यांची नूतनीकरणाचे अर्ज भरण्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता ग्रामपंचायत सभागृहात बैठक ठेवली आहे. येताना मूळ परवाना, आधार कार्ड, सातबारा आणि दोन छायाचित्रे आणावीत. बंदूक मात्र कोणीही आणू नये.

शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो, त्यामुळे पुढची तारीख विसरणे सोपे झाले आहे. अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी करावयाचा असतो, म्हणून ही घाई.

सोबत पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. ठासणीची बंदूक दारू-छरे भरलेल्या स्थितीत माजघरातील खुंटीला टांगून ठेवण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. ती सोडावी. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, दारू वेगळी ठेवावी.

२. परवान्यावर नाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती, मग तो सख्खा भाऊ का असेना, बंदूक देऊ नये.

३. परवाना पिकाच्या राखणीचा आहे, शिकारीचा नव्हे. रानडुकराच्या उपद्रवासाठी आधी वनखात्याकडे अर्ज करावा.

४. लग्नाच्या वरातीत बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

५. परवानाधारक मयत झाल्यास वारसांनी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी.

— सचिव